पानावर वाढलेला सूर

गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक प्रसंग घडला. सातवीतली एक मुलगी गात होती. साथीला माझ्या पुतण्याचा लॅपटॉप आणि त्याला जोडलेला कीबोर्ड. पियानो, बासरी, व्हायोलिनांचा अख्खा ताफा, सारे त्या पाटीएवढ्या यंत्रात. पहिले कडवे झोकात झाले. दुसऱ्या कडव्याला व्हायोलिने चढली आणि एकाएकी कढईत लाह्या फुटाव्यात तशी तडतड सुरू झाली. मग सूर तुटू लागले आणि अखेरीस यंत्र मुकेच झाले. मुलगी मोठी धीराची. ती गातच राहिली.

तिसऱ्या रांगेत आमचे पेटीवाले गुरुजी बसले होते. तीस वर्षे या संमेलनाची पेटी त्यांनीच वाजवली. त्या वर्षी मात्र समितीने ठरवले होते की, साथ संगणकाची. गुरुजींना निमंत्रणपत्रिका गेली, बोलावणे गेले नाही. ते सावकाश उठले, विंगेत धूळ खात पडलेली पेटी काढली, भाता ओढला आणि त्या पोरीच्या सुरात सूर मिसळला. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा पुतण्या तेवढा मान खाली घालून बसला होता.

रात्री जेवताना तो म्हणाला, "काकू, यंत्र बिघडलं नव्हतं. मीच सेटिंग चुकवलं. मेमरी संपली."

"अरे, सुराला मेमरी कशाला लागते?" मी विचारले.

तो हसला. पण माझा प्रश्न काही मनातून जाईना. पुढे सुटीत मी त्याच्याजवळ बसून आणि थोडेफार वाचून त्याचे उत्तर शोधले. मी बापडी कथा-कादंबऱ्या लिहिणारी. यंत्रविद्येत माझी गती ती केवढी! परंतु हा इतिहास यंत्रांइतकाच माणसांचाही आहे, असे दिसले. म्हणून तो वाचकांपुढे मांडते.

१

साठवलेला सूर बोटाखाली आणावा, ही कल्पना संगणकाहून जुनी आहे. अमेरिकेत हॅरी चेम्बरलिन नावाचे एक गृहस्थ होते. सांगतात ते असे की, स्वतःच्या ऑर्गनवादनाचे ते टेपवर मुद्रण करीत असताना त्यांच्या मनात आले, ही फीत माझे वादन पुन्हा ऐकवते. तर मग प्रत्येक पट्टीखाली एकेक फीत ठेवली आणि पट्टी दाबताच तीच तेवढी वाजली तर? 1940च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी अशी वाद्ये बनवायला घेतली. एका पट्टीखाली व्हायोलिनचा षड्ज, दुसरीखाली ऋषभ, अशी सारी मांडणी.

1962च्या सुमारास त्यांचा एक विक्रेता, बिल फ्रान्सन, दोन वाद्ये घेऊन इंग्लंडला गेला आणि तेथे टेपयंत्रांची एकसारखी सत्तर मुद्रणशिरे करून देणारा कारखाना शोधू लागला. बर्मिंगहॅमच्या ब्रॅडली बंधूंनी ते काम घेतले. हे वाद्य मुळात दुसऱ्याच कोणाचे आहे, हे त्यांना मागाहून कळले! चेम्बरलिन अर्थातच संतापले. पुढे तडजोड झाली. 1963 मध्ये इंग्लंडात जे वाद्य बाहेर पडले त्याचे नाव मेलोट्रॉन. बीटल्स मंडळींच्या 1967 साली आलेल्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' या गाण्याच्या आरंभी बासरीसारखे जे सूर आहेत, ते याच वाद्याचे.

या वाद्याची एक मर्यादा ध्यानात ठेवावी. प्रत्येक फीत सुमारे आठ सेकंदांची. पट्टी दाबली की फीत सरकू लागे, बोट उचलले की स्प्रिंग तिला मागे ओढून घेई. आठ सेकंदांहून जास्त वेळ बोट ठेवले तर फीत संपे आणि सूर तेथेच विझे. साठवलेला सूर हा मोजून ठेवलेला सूर असतो. पेटीवाल्याचा भाता चालू आहे तोवर सूर चालू; येथे मात्र कोठी रिकामी झाली की संपले. पुढची सारी धडपड या कोठीसाठीच आहे.

आणि माणसांचे काय? इंग्लंडातील वादकांच्या संघटनेला तेव्हाच धास्ती वाटली होती की, एका पट्टीखाली व्हायोलिनवाला बसला तर खऱ्या व्हायोलिनवाल्याने कोठे बसावे? आमच्या गुरुजींची तिसरी रांग मला त्या वेळी आठवली.

२

फितीची जागा पुढे आकड्यांनी घेतली. आवाज ही हवेतली लाट. त्या लाटेची उंची ठरावीक अंतराने मोजून आकड्यांत लिहून ठेवायची. पुन्हा त्याच गतीने ते आकडे वाचले की लाट परत उभी राहते. लाटेत सेकंदाला जितकी कंपने असतील त्यांच्या दुपटीहून अधिक वेळा मोजणी केली तर काहीही हरवत नाही, हे गणित क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये मांडले. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचे ऐकू येते. म्हणून कॉम्पॅक्ट डिस्कवर सेकंदाला 44,100 वेळा मोजणी होते. एकेका मोजणीला दोन बाइट, आणि डावा-उजवा असे दोन कान. म्हणजे सेकंदाला 1,76,400 बाइट. एक मिनिट संगीत म्हणजे एक कोटी बाइटांहून अधिक. हा हिशेब वाचकांनी पदराला बांधून ठेवावा; पुढे लागणार आहे.

1979 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरी पीटर व्होगेल आणि किम रायरी या दोघा तरुणांनी फेअरलाइट नावाचे संगणकी वाद्य विक्रीला काढले. रायरींच्या आजीच्या घरासमोरून बंदरात एक जलद नाव जा-ये करी, तिचे हे नाव. बाहेरचा कोणताही आवाज टिपून तो पट्ट्यांवर वाजवण्याची सोय त्यात होती. आणि अशा टिपलेल्या आवाजाला 'सँपल', म्हणजे नमुना, हा शब्दही याच दोघांनी रूढ केला. त्यावरूनच अशा वाद्याला पुढे 'सँपलर' म्हणू लागले. तांदळाच्या पोत्यात बंबू खुपसून मूठभर दाणे काढावेत, तसा हा आवाजाचा वानवळा. किंमत मात्र विचारू नये. इंग्लंडात ते सुमारे अठरा हजार पौंडांना पडे. आणि एवढे पैसे मोजून आठ स्वरांपैकी एकेकाच्या वाट्याला स्मृती किती, तर सोळा किलोबाइट! म्हणजे जेमतेम एका सेकंदाच्या आतबाहेरचा आवाज.

त्या वेळी स्मृती सोन्याच्या भावाने मिळे. साहजिकच काटकसरीच्या युक्त्या निघाल्या. पहिली युक्ती आवर्तनाची. सूर जिथे स्थिरावतो तेवढाच इवलासा भाग पुन्हा पुन्हा फिरवायचा. त्यामुळे एका सेकंदाचा सूर कितीही लांबे, पण ऐकणाऱ्याला रहाटगाडग्याची चाहूल लागे. दुसरी युक्ती ताणण्याची. एकाच नमुन्याला कमीजास्त वेगाने वाजवून दहा पट्ट्या भागवायच्या. त्यामुळे वरच्या पट्टीत माणसाचा आवाज चिमखड्या पोरासारखा आणि खालच्या पट्टीत राक्षसासारखा लागे. ज्या घरात साखर मोजून वाढतात तेथला चहा जसा ओळखू येतो, तसे हे वादनही ओळखू येई.

1981 साली अमेरिकेत एमु या कंपनीचे इम्युलेटर आले. त्यात 128 किलोबाइट, म्हणजे दोन सेकंदांचा ऐवज. 1988 मध्ये जपानच्या अकाई कंपनीचे एस-1000 आले. आवाज आता कॉम्पॅक्ट डिस्कच्या तोडीचा झाला, पण मूळची स्मृती दोन मेगाबाइट. एकेरी ध्वनीचे सुमारे 24 सेकंद. ती वाढवून 32 पर्यंत नेता येई. वादक आपले सूर फ्लॉपींच्या चवडीतून एकेक करून यंत्रात भरीत आणि तोवर हात बांधून बसत.

आता पियानोचा विचार करा. पट्ट्या 88. हलक्या हाताचा सूर आणि जोराचा सूर यांत फरक केवळ मोठेपणाचा नसतो, पोतच वेगळा असतो. म्हणून प्रत्येक पट्टी दहा वेगवेगळ्या जोरांनी टिपायची. पायाखालचा पेडल दाबून एकदा, न दाबता एकदा. झाले 1,760 नमुने. एकेक सूर विझेपर्यंत वीस सेकंद धरले तर हिशेब सहाशे कोटी बाइटांपलीकडे जातो. दोन मेगाबाइटच्या कोठीत हा हत्ती कसा मावणार?

३

कोठी दुसरी एक होती, आणि ती पुष्कळ मोठी होती. फिरत्या चुंबकी तबकड्यांवर माहिती साठवणारे पहिले यंत्र आयबीएम कंपनीने 1956 मध्ये काढले. पन्नास तबकड्या, प्रत्येकीचा व्यास दोन फूट, आणि एकंदर मावत पन्नास लाख अक्षरे. पुढच्या चाळीस वर्षांत त्या तबकड्या तळहाताएवढ्या झाल्या आणि त्यांचे पोट शेकडो पटींनी वाढले. परंतु एक अडचण कायम राहिली. संगणकाची स्मृती म्हणजे हाताशी असलेली फळी. तबकडी म्हणजे माळ्यावरचे पिंप. मिनिटाला 7,200 फेरे घेणारी तबकडी घेतली, तर वाचणारे शीर योग्य वर्तुळावर जायला आठ-नऊ सहस्रांश सेकंद आणि हवी ती जागा फिरून खाली यायला सरासरी चार सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे एका खेपेला बारा-तेरा. आपल्याला हे क्षुल्लक वाटेल. पण वादकाचे बोट आणि सूर यांत दहा-पंधरा सहस्रांश सेकंदांचे अंतर पडले तरी त्याचा हात अडखळतो. शिवाय एका वेळी चाळीस सूर चालू असले तर चाळीसजणांनी एकाच पिंपाशी रांग लावायची!

या पेचातून वाट काढली ती 1998 साली अमेरिकेतील ऑस्टिन गावच्या नेमेसिस या छोट्या कंपनीने. त्यांच्या वाद्याचे नाव गिगासँपलर. हे यंत्र नव्हते, साध्या घरगुती संगणकावर चालणारी निव्वळ आज्ञावली होती. त्या काळी अशा संगणकाची स्मृती शंभर मेगाबाइटच्या आसपास असली तरी पुष्कळ. आणि या आज्ञावलीबरोबर जो पियानो येई तो एकटाच सुमारे एक गिगाबाइटचा. तरीही तो पट्टीला बोट लागताच वाजे. हे कसे साधले, ते मला पुतण्याने तीनदा सांगूनही कळेना. अखेर त्यालाच मी पंगतीचा दाखला दिला, तेव्हा तो म्हणाला, "काकू, अगदी हेच!"

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत काय करतात? पाने मांडली की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर आणि वरणभाताची एक मूद आधीच वाढून ठेवतात. सारा स्वयंपाक पानावर ओतत नाहीत. तो मुदपाकखान्यात असतो. पाहुणा बसला की लगेच जेवू लागतो. तो पहिली मूद संपवतो आहे तोवर वाढपी आत धावतो आणि पुढचे घेऊन येतो. पाहुण्याला वाटते, सारे अन्न पानावरच होते.

गिगासँपलरने नेमके हेच केले. प्रत्येक सुराचा पहिला तुकडा तेवढा स्मृतीत आधी वाढून ठेवायचा. याला म्हणतात प्रीलोड. उरलेला सूर तबकडीवरच. बोट पडताच पहिला तुकडा वाजू लागतो आणि तो संपायच्या आत तबकडीवरून पुढचा येऊन दाखल होतो. पाने मात्र सगळीच मांडावी लागतात, कारण 1,760 पाहुण्यांपैकी कोण केव्हा येऊन बसेल ते वादकाच्या बोटांनाच ठाऊक.

ही युक्ती इतकी सोयीची ठरली की, थोड्याच वर्षांत सर्वांनी आपापल्या परीने ती अंगीकारली. 2001 मध्ये हॅम्बर्गच्या स्टाइनबर्गचे हॅलियन आले, 2002 मध्ये बर्लिनच्या नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सचे कोन्टॅक्ट आले. व्हिएन्ना शहरी हर्ब टुकमांडल या चेलोवादकाने 2000च्या सुमारास सबंध वाद्यवृंदाचे एकेक सूर टिपून ठेवण्याचा घाट घातला, तोही या युक्तीच्या भरवशावर. आणि जिने वाट दाखवली ती आज्ञावली? तिची कंपनी दुसऱ्यांच्या हाती गेली आणि 2008 मध्ये ते दुकान बंद झाले. पहिला दिवा लावणाऱ्याच्या घरी पुष्कळदा शेवटी अंधारच असतो.

४

आता आमच्या संमेलनाकडे वळू. पहिली मूद केवढी वाढावी, हा खरा प्रश्न. कोन्टॅक्टमध्ये साधारणपणे ती साठ किलोबाइटची असते. मघाचा पदराला बांधलेला आकडा काढा: सेकंदाला 1,76,400 बाइट, तेव्हा साठ किलोबाइट म्हणजे सेकंदाचा एक तृतीयांश. तेवढ्या वेळात वाढप्याने परत यायला हवे. पियानोच्या 1,760 पानांवर एवढी मूद वाढायची तर सुमारे शंभर मेगाबाइट स्मृती पुरते. सहा गिगाबाइटचा हत्ती शंभरात मावला!

पण तबकडीचा वाढपी सेकंदाला फार तर ऐंशी खेपा करणार. प्रत्येक खेपेला तेवढीच मूद आणली असे धरले, तर एका पाहुण्याला सेकंदाला तीन खेपा लागतात. म्हणजे पंचवीस-सव्वीस पाहुणे झाले की वाढप्याची दमछाक. पेडल दाबून वाजवताना पन्नास सूर सहज मागे रेंगाळतात. मग कोणाचे पान रिकामे पडते, आणि तीच ती तडतड.

रंगीत तालमीच्या दिवशी आमच्या पुतण्याला ही तडतड ऐकू आली. त्याने काय करावे? मूद चौपट केली. साठाची दोनशे चाळीस. विचार चुकीचा नव्हता. मोठी मूद म्हणजे वाढप्याला सवड. पण त्याने पियानो, बासरी, व्हायोलिने अशी सारी मिळून सात हजारांवर पाने मांडली होती. सात हजार गुणिले दोनशे चाळीस किलोबाइट म्हणजे दीड गिगाबाइटाहून जास्त. आणि त्याच्या जुन्या लॅपटॉपची सारी स्मृती चार, तीही निम्म्याहून अधिक इतर कामांनी अडवलेली. ओटी अपुरी पडली. अशा वेळी संगणक हू की चू न करता एक आगळीक करतो; ओटीवर न मावणारी पाने उचलून तो परत मुदपाकखान्यात ठेवतो! मग पाहुण्याची पहिली मूदसुद्धा आतून आणावी लागते. ज्या खेपा वाचवायच्या होत्या त्या दुपटीने वाढल्या. दुसऱ्या कडव्याला व्हायोलिनांची मंडळी एकदम पंगतीला बसली आणि पंगत मोडली.

सुटीत त्याने सगळे नीट लावले. आधी न लागणारी पाने उचलली. गाण्यात जे सूर येतच नाहीत ते स्मृतीतून काढून टाकण्याची सोय असते. ती वापरताच सात हजारांची दोन हजारांवर आली. एका वेळी किती सूर वाजावेत यालाही मर्यादा घातली, म्हणजे ऐकूच न येणारे विझते सूर आपोआप उठून जातात. मूद पुन्हा साठावर आणली. शेवटी फिरती तबकडी काढून तिच्या जागी एसएसडी बसवली. ही स्मृतिचिपांची कोठी. जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी 1980च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. तिच्यात फिरणारे काही नाही. एका खेपेला सहस्रांश सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. वाढपी दाराशीच उभा! अशा यंत्रावर मूद पार सहा-बारा किलोबाइटपर्यंत खाली आणली तरी चालते, असे तो म्हणतो.

"मग आधीच का नाही केलंस हे?" मी विचारले.

"मोजलं नव्हतं, काकू. नुसतं वाढवत गेलो."

वर्गात गणित शिकवताना मी जे वर्षानुवर्षे सांगत आले, ते त्याला एका तडतडीने शिकवले.

५

परंतु एवढ्याने हा इतिहास संपत नाही. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी पन्नास-साठ वादक एका वेळी बसत. त्यांत गोव्याचे व्हायोलिनवाले पुष्कळ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यापैकीच. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले, आणि 1958 साली त्यांनी मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. 2012 मध्ये ते गेले. त्याआधीच ती बैठक विरळ होत गेली होती. बहुपदरी मुद्रण आले, सिंथेसायझर आला, आणि मग हा सँपलर. ज्या खुर्च्या रिकाम्या झाल्या त्यांचा हिशेब कोणत्याही सेटिंगमध्ये दिसत नाही.

आणि तरीही नव्याला दार बंद करून भागत नाही, हेही आपण पाहिले आहे. खुद्द पेटी हे परक्याचे वाद्य. तिला मींड काढता येत नाही म्हणून 1940 पासून 1971 पर्यंत आकाशवाणीवर तिला बंदी होती. आज तीच आपल्या भजनाची नि नाट्यगीताची सखी आहे. पेटीला मींड जमत नाही, तशी ती सँपलरलाही नीट जमत नाही. एकेक सूर सुटा टिपलेला, दोन सुरांमधली वाट त्याला ठाऊक नसते.

मे महिन्यात मी पुतण्याला घेऊन गुरुजींकडे गेले. त्याला वाटले होते, ते बोलणार नाहीत. गुरुजींनी चहा दिला आणि विचारले, "काय रे, माझी पेटी त्यात घालता येईल का? सूर जुने झालेत. एकेक जायला लागलाय. उद्या ही वाजणार नाही आणि मीही."

दोन दिवस त्यांच्या माजघरात आम्ही खिडक्या बंद करून, पंखा थांबवून बसलो. बेचाळीस पट्ट्या, प्रत्येक तीनदा, भात्याच्या तीन दाबांनी, दहा-दहा सेकंद. एकशे सव्वीस सूर. सव्वीसाव्या पट्टीला भाता किंचित कुरकुरतो. पुतण्या म्हणाला, हे काढून टाकू. गुरुजी म्हणाले, "राहू दे. तीच तिची ओळख आहे." सगळे मिळून सव्वाबावीस कोटी बाइटांच्या आत बसले. एवढ्याला तबकडीची गरजच नाही. सबंध पेटी स्मृतीत ओतली तरी जागा उरते.

यंदाच्या संमेलनाला दोघे शेजारी बसणार आहेत. संगणकात व्हायोलिने, आणि त्याच्या बाजूला गुरुजी खऱ्या पेटीवर. समितीला मी तसे लेखी दिले आहे. टिपलेली पेटी लॅपटॉपमध्ये आहेच. पण गुरुजींचा भाता चालतो आहे तोवर ती उघडायची नाही, असे पुतण्याने आपणहून ठरवले आहे.